महापालिकेचा सुधारित आकृतिबंध: प्रस्ताव मंत्रालयातून परत येऊ नये म्हणून कामाचा क्रम

आकृतिबंधाचं, म्हणजे कुठल्या विभागात कुठली आणि किती पदं असावीत हे ठरवण्याचं, काम सल्लागाराकडे आलं की दोन्ही बाजूंची पहिली चूक ठरलेली असते. महापालिका प्रत्येक विभागप्रमुखाला पत्र पाठवते, ‘आपल्या विभागास आवश्यक पदांची मागणी आठ दिवसांत सादर करावी’. सल्लागार आलेल्या मागण्यांची बेरीज करतो, सगळ्यांना थोडी कात्री लावतो, रंगीत तक्ते जोडतो आणि अहवाल देतो. नगर विकास विभागातून त्रुटींचं पत्र येतं, नस्ती (फाइल) वर्षभर फिरते आणि तोवर आयुक्त बदललेले असतात.

पुढचा क्रम महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खालच्या महापालिकांसाठी आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा, तिथली पद्धतही वेगळी. नगरपरिषदांमध्ये राज्य संवर्गाचे, म्हणजे शासनाच्या सेवेतले, अधिकारी असल्याने मंजुरीचा भाग बदलतो, पण काम मोजायची रीत तीच.

## टप्पा १: काम सुरू करण्याआधी

आयुक्तांच्या सहीचा कार्यालयीन आदेश पहिल्याच दिवशी हातात घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: समन्वय अधिकारी कोण (उपायुक्तापेक्षा खालचा नको), प्रत्येक विभागातून माहिती देणारा एक माणूस, माहिती द्यायची तारीख, आणि सल्लागाराला सेवापुस्तकं, वेतनदेयकं व हजेरीपट पाहण्याची परवानगी. चौथी गोष्ट नसेल तर पुढचे दोन महिने ‘साहेबांना विचारून सांगतो’ ऐकण्यात जातात.

कार्यकक्षेत ‘अहवाल सादर करणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर करार तिथेच अडवा. शासनाच्या त्रुटींची पूर्तता कोण करणार, किती फेऱ्यांपर्यंत, हे लिहून घ्या. महापालिकेच्या बाजूने वाचत असाल तर शेवटचा हप्ता त्रुटीपूर्ततेशी बांधा. नाहीतर अहवाल देऊन सल्लागार मोकळा होतो आणि आस्थापना विभागातला एकटा वरिष्ठ लिपिक त्या तक्त्यांशी झुंजत बसतो.

कागद एकत्र करा: शेवटचा मंजूर आकृतिबंध, त्यानंतर वेळोवेळी मंजूर झालेल्या पदांचे शासन निर्णय, सेवाप्रवेश नियम (पदाची अर्हता आणि भरतीची रीत), ज्येष्ठता याद्या, बिंदुनामावली नोंदवह्या (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची नोंद), मागच्या तीन वर्षांचे लेखे आणि कंत्राटी मनुष्यबळाचे सगळे कार्यादेश.

तपासा: शेवटच्या आकृतिबंधाची मूळ सहीची प्रत मिळाली का? टंकलिखित ‘खरी नकल’ चालत नाही. नकलेत कुणीतरी मधेच दोन पदं वाढवलेली मी पाहिली आहेत.

## टप्पा २: तीन याद्या जुळवा

माझ्या मते एकूण वेळेचा निम्मा भाग इथे जायला हवा. प्रत्यक्षात आठवडाही दिला जात नाही.

पहिली यादी मंजूर पदांची, दुसरी वेतन घेणाऱ्यांची, तिसरी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. पहिली कागदावरून निघते, दुसरी लेखा विभागाच्या वेतनदेयकावरून. तिसरी मात्र खुर्च्यांपाशी जाऊन, सकाळी सहाच्या हजेरी शेडवर उभं राहून काढावी लागते. कारण सफाई कामगार म्हणून पगार घेणारा पदवीधर मुलगा प्रभाग कार्यालयात संगणकावर बसलेला असतो, बिगारी साहेबांच्या गाडीवर चालक असतो आणि व्हॉल्व्हमन पाणीपट्टीची बिलं वाटत असतो. त्यात त्या माणसांचा दोष नाही. पदं रिकामी राहिली, काम थांबलं नाही, जो हाताशी होता त्याला बसवलं.

प्रत्येक माणसाच्या ओळीत हे रकाने ठेवा: कर्मचारी क्रमांक, मूळ नियुक्तीचं पद, सध्याचं पद, वेतनस्तर, पगार कुठल्या विभागातून, काम कुठल्या विभागात, प्रत्यक्ष काम काय, जन्मतारीख, निवृत्तीची तारीख. नावावर जुळवू नका, कर्मचारी क्रमांकावरच जुळवा. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका महापालिकेत (नाव राहू दे) आम्ही आरोग्य विभागाची यादी दोन प्रभागांच्या मस्टरवरून केली. विभागाची फेररचना अर्धवट झाली होती, त्यामुळे एकेचाळीस माणसं दोन्ही मस्टरवर होती. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी. आमची बेरीज वेतनदेयकापेक्षा एकेचाळीसने जास्त आली आणि ते आमच्या नव्हे, लेखाधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्या बैठकीनंतर आमच्या बाकीच्या तक्त्यांवरही कुणी विश्वास ठेवेना.

निवृत्तीच्या तारखा काढताना दोन गोष्टी सांभाळा. गट अ, ब, क साठी ५८ आणि गट ड साठी ६० वर्षं. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. दुसरी बाब किरकोळ वाटते, पण आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे. ही सगळी ३१ मे रोजी एकदम घरी जातात. पुढच्या पाच वर्षांचा तक्ता महिन्यानुसार मांडला की तो मे महिना उठून दिसतो.

सावधान: ‘रिक्त पद’ आणि ‘गरजेचं पद’ एक समजू नका. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला, उरलंसुरलं १ जुलै २०१७ च्या वस्तू व सेवा कराने संपलं. तरी नाक्यावरची पदं कागदावर नांदताना दिसतील. टंकलेखकांचंही तसंच. अशी पदं ‘रिक्त’ मध्ये मोजून भरतीची मागणी करणारा प्रस्ताव पहिल्याच वाचनात हसं करून घेतो.

तपासा: मंजूर वजा भरलेली बरोबर रिक्त, हे प्रत्येक संवर्गात (एका प्रकारच्या पदांच्या गटात) जुळतं का? आणि भरलेल्यांची एकूण संख्या ज्या महिन्याच्या वेतनदेयकाशी जुळवली, तो महिना तक्त्यावर लिहिला का?

## टप्पा ३: काम मोजा

इथे विभागप्रमुखांना ‘किती माणसं हवीत?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘वर्षाला काय काय होतं आणि एकेकाला किती वेळ लागतो?’ एवढंच विचारायचं.

आधी एका माणसाचे वर्षातले खरे तास काढा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयात ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की २६१. आठवड्याच्या मधल्या दिवशी येणाऱ्या सुट्ट्या साधारण २०, नैमित्तिक रजा ८, प्रत्यक्ष घेतली जाणारी अर्जित रजा १५ धरा, प्रशिक्षण व इतर ३. उरले २१५ दिवस. दिवसाचे कामाचे साडेसहा तास धरले तर वर्षाला सुमारे १,४०० तास.

आता जन्म-मृत्यू नोंदणीचा विभाग घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत. वर्षाला १८,००० नोंदी, प्रत्येकी २० मिनिटं: ६,००० तास. ३०,००० दाखले, प्रत्येकी ८ मिनिटं: ४,००० तास. नाव-दुरुस्तीचे २,४०० अर्ज, प्रत्येकी ५० मिनिटं, कारण जुनी नोंदवही काढा, शपथपत्र पाहा, टिपणी लिहा, सही घ्या: २,००० तास. एकूण १२,००० तास, भागिले १,४००, म्हणजे साधारण साडेआठ माणसं. मंजूर पदं ६, भरलेली ५ आणि आपण गेलो त्या दिवशी टेबलावर ३. बाहेर रांग का लागते ते कळलं.

पण लगेच नऊ पदं मागू नका. त्या ५० मिनिटांच्या कामाकडे पुन्हा पाहा. निम्म्या दुरुस्त्या रुग्णालयाने अर्ज भरताना केलेल्या चुकांच्या असतील, तर रुग्णालयाच्या लिपिकाला अर्ज नीट भरायला लावणं हे पद मागण्यापेक्षा स्वस्त. दुरुस्त्या १,२०० वर आल्या तर हजार तास वाचले आणि आठ माणसांत भागलं. सुधारणा आधी, पदसंख्या नंतर, हा क्रम उलटा केला की वाईट पद्धतच मंजूर पदांच्या रूपाने पुढची वीस वर्षं पक्की होते.

अर्जांची संख्या विभागाच्या तोंडी अंदाजावर घेऊ नका. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांचे आकडे आपले सरकार पोर्टलवर असतात, बाकीचे आवक-जावक नोंदवहीत. तीन वर्षांची सरासरी घ्या. एखाद्या वर्षी उसळी येते. उदाहरणार्थ, जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतच्या कामांसाठी महत्त्वाचा झाला. दाखल्यांची गर्दी अशी कुठल्यातरी कारणाने वाढलेली असते, ते कारण टिकणार का तेही पाहा.

वेळ कसा मोजायचा? घड्याळ घेऊन बसलात तर लिपिक त्या दिवशी हळू काम करणार, हे गृहीत धरा. त्यापेक्षा तीन वेगवेगळ्या माणसांचं तेच काम तीन वेगवेगळ्या दिवशी पाहा आणि मधला आकडा घ्या.

### चोवीस तासांची कामं वेगळी मोजा

अग्निशमन, पाणीपुरवठ्याचं पंपिंग, रुग्णालय. इथे सर्वांत जास्त चूक होते ती ‘तीन पाळ्या म्हणजे तीन माणसं’ या हिशेबात. माणूस वर्षाचे ३६५ दिवस येत नाही. साप्ताहिक सुट्ट्या ५२, अर्जित रजा १५, नैमित्तिक ८, सणांच्या ८ वजा केल्या की २८२ दिवस. एक जागा तीन पाळ्यांत वर्षभर भरलेली ठेवायची तर ३ गुणिले ३६५ भागिले २८२, म्हणजे ३.८८ माणसं लागतात. एका गाडीवर सहा जवान हवे असतील तर कागदावरचे अठरा पुरत नाहीत, चोवीस लागतात. मधले सहा मंजूर नसतात, म्हणून दिवाळीत गाडी चौघांवर निघते.

### लोकसंख्येच्या निकषाची कामं

सफाई, आरोग्य केंद्रं, अग्निशमन केंद्रं यांना लोकसंख्येचे किंवा रस्त्याच्या लांबीचे निकष असतात. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक. निकष लावताना २०११ ची जनगणना आणि आजचा अंदाज हे दोन्ही आकडे द्या, अंदाज कुठल्या पद्धतीने काढला ते लिहा. हद्दवाढ झाली असेल तर जास्तच काळजी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढण्याचा निर्णय झाला. असं कोष्टक करताना कुठल्या तारखेची हद्द धरली ते लिहिलं नाही, तर लोकसंख्या, रस्ते आणि आलेले ग्रामपंचायत कर्मचारी हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या शहरांचे होऊन बसतात. नवीन झालेल्या महापालिकांनी, इचलकरंजी (२०२२) किंवा जालन्यासारख्या (२०२३), नगरपरिषदेच्या पदनामांवरच नवे आकडे चढवू नयेत. महापालिकेची कामं आणि उतरंडच वेगळी.

## टप्पा ४: पदं ठरवा, पण उतरंडीसह

प्रत्येक संवर्गासमोर चार रकाने: कायम ठेवायची, नव्याने निर्माण करायची, रद्द करायची, आणि मृत संवर्ग. मृत संवर्ग म्हणजे आहे तो माणूस निवृत्त होईपर्यंत पद चालू आणि मग आपोआप बंद. माणूस कामावर असलेलं पद थेट ‘रद्द’ मध्ये टाकलंत तर दुसऱ्या दिवशी संघटना दारात, आणि त्यांचं चुकत नाही.

पदनामं नवी घडवू नका. ‘नागरी सुविधा समन्वयक’ वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण त्याला सेवाप्रवेश नियम नाहीत, समकक्ष वेतनस्तर नाही, पदोन्नतीची वाट नाही. शासनाच्या इतर महापालिकांत मंजूर असलेलं पदनाम आणि सातव्या वेतन आयोगातला त्याचा वेतनस्तर घ्या.

उतरंडीची चाचणी सोपी आहे. कनिष्ठ लिपिक ९०, वरिष्ठ लिपिक १२, अधीक्षक १० असा तक्ता आला तर कनिष्ठ लिपिक त्याच पदावर म्हातारा होणार आणि वरिष्ठ लिपिक दोन वर्षांत अधीक्षक. वरच्या पदाला खालून पुरेशी माणसं मिळतात का आणि खालच्याला वर वाट आहे का, दोन्ही पाहा.

सावधान: वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या तशीच उचलून ‘नवीन पदं’ या रकान्यात टाकू नका. पद निर्माण होणं आणि त्या माणसाला ते मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमादेवी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर मागच्या दाराने कायम करण्याची वाट अरुंद झाली आहे. त्यांना तोंडी आश्वासनं देत फिरू नका. सल्लागाराने तर नाहीच.

लाड-पागे समितीच्या शिफारशींखाली वारसा हक्काने येणारे सफाई कामगार आणि अनुकंपा प्रतीक्षायादी यांचा हिशेब इथेच घ्या. पदं सरळसेवेने (थेट भरतीने) भरायची म्हणून दाखवायची आणि नंतर त्यांतली निम्मी आधीच कुणाच्या तरी हक्काची निघायची, असं होऊ नये.

## टप्पा ५: खर्च

महापालिकेचा आस्थापना खर्च (वेतन, भत्ते, निवृत्तिवेतन) उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा ही अट मंत्रालयातला प्रत्येक कक्ष अधिकारी सर्वांत आधी पाहतो. म्हणून तुम्हीही ती शेवटी नाही, पहिला मसुदा होताच पाहा.

समजा उत्पन्न ४०० कोटी आणि आस्थापना १२८ कोटी, म्हणजे ३२ टक्के. प्रस्तावित पदांनी २० कोटी वाढले की १४८ कोटी, ३७ टक्के. प्रस्ताव तिथेच थांबला. यावर लोक दोन पळवाटा काढतात: उत्पन्नाचा अंदाज फुगवणे, किंवा वेतन मूळ पगारावरच काढणे. दोन्ही लगेच पकडल्या जातात. उत्पन्न लेखापरीक्षण झालेल्या वर्षाचं घ्या. खर्चात महागाई भत्ता, घरभाडे, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतला नियोक्त्याचा १४ टक्के हिस्सा आणि जुन्या लोकांचं निवृत्तिवेतन धरा.

सरळ उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने निर्मिती. पहिल्या वर्षी अत्यावश्यक सेवा, मग निवृत्त्या होतील तशी पुढची पदं. टप्पा २ मधला निवृत्तीचा तक्ता इथे उपयोगी पडतो.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. कंत्राटी मनुष्यबळाचं देयक बऱ्याच ठिकाणी आस्थापनेऐवजी विभागाच्या इतर लेखाशीर्षातून जातं. ते काम नियमित पदांवर आणलं की महापालिकेच्या तिजोरीतून जाणारा पैसा फारसा बदलत नाही, पण टक्केवारी वाढते. हे लपवू नका. दोन्ही चित्रं शेजारीशेजारी मांडा आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांची त्यावर सही घ्या.

## टप्पा ६: मसुदा दाखवा

संघटना, विभागप्रमुख, लेखा परीक्षक, याच क्रमाने. संघटनेला शेवटी बोलावण्याची प्रथा आहे, ती मोडा. कुठल्या शेडवर किती माणसं खरी येतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. हरकती लेखी घ्या आणि प्रत्येकीसमोर मान्य की अमान्य, कारणासह लिहा.

## टप्पा ७: मंजुरी

नवीन पद निर्माण करायला अधिनियमातल्या कलम ५१ नुसार शासनाची पूर्वमान्यता लागते. म्हणून आधी महापालिकेचा ठराव, सभागृह नसेल तर प्रशासकाचा, मग आयुक्तांच्या सहीने प्रस्ताव नगर विकास विभागाकडे.

प्रस्तावाच्या वर तीन पानांचा गोषवारा हवा: पूर्वीची मंजूर पदं, प्रस्तावित पदं, वाढ-घट, वार्षिक खर्च, टक्केवारी. गोषवाऱ्यातला आणि आतल्या विवरणपत्रातला प्रत्येक आकडा जुळला पाहिजे. ठरावात ४१२ आणि विवरणपत्रात ४११ असेल तर कारण छपाईची चूक असो वा काही, नस्ती परतच येते. पाठवण्याआधी संपूर्ण प्रस्ताव अशा माणसाला वाचायला द्या ज्याने तो तयार केलेला नाही.

## टप्पा ८: मंजुरीनंतर, आणि इथेच घाई होते

शासन निर्णय हातात पडला की जाहिरातीची घाई सुटते. थांबा. क्रम असा:

१. नवीन पदांसह सेवाप्रवेश नियम मंजूर करून घ्या. अर्हता आणि सरळसेवा-पदोन्नतीचं प्रमाण त्यातच ठरतं.

२. आहे त्या कर्मचाऱ्यांना नव्या संवर्गांत सामावून घेण्याचे आदेश काढा, ज्येष्ठता याद्या प्रसिद्ध करा, हरकती निकाली काढा.

३. नव्या पदसंख्येवर बिंदुनामावली करून विभागीय आयुक्त कार्यालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्या. दोन संवर्ग एकत्र केले असतील तर जुन्या दोन नोंदवह्यांची नुसती बेरीज चालत नाही. प्रत्येक भरलेलं पद बिंदूवर नव्याने दाखवावं लागतं. जुन्या ५२ टक्के आरक्षणाच्या तक्त्यावर काम करणारे लिपिक अजून भेटतात. आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे १० धरून सध्या सरळसेवेत बेरीज ७२ होते. त्याखेरीज महिला, माजी सैनिक, दिव्यांग, अनाथ यांचं समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं, आरक्षण.

४. आधी पदोन्नत्या, मग उरलेल्या सरळसेवेच्या जागांची जाहिरात. उलटं केलंत तर नवा उमेदवार रुजू होतो आणि पंधरा वर्षं वाट पाहणारा न्यायालयात जातो.

तपासा: जाहिरातीतली पदसंख्या, मागासवर्ग कक्षाने तपासलेली नोंदवही आणि शासन निर्णयाचं विवरणपत्र ही तीन पानं एकाच टेबलावर शेजारी ठेवा आणि संवर्गागणिक बोट ठेवून वाचा. मग जाहिरात सोडा.